गोळी बदलता आली असती

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. बहिणीजवळ नाही, पोराजवळ नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही नाही — तिथं तर मी मुद्दाम दुसरंच काहीतरी मागत उभी राहिले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ जमेल असं वाटते. जमेल का? पाहू.

माझं नाव शालिनी. वय बावन्न. मध्य प्रदेशातल्या सौंसरमध्ये आमच्या भागात मला लहानमोठे सगळे ओळखतात, कारण मी आशा कार्यकर्ती आहे — गरोदर बायांना दवाखान्यात नेणं, लेकरांच्या लसी, आणि आता काही वर्षांपासून घरोघरी जाऊन बीपी-शुगर तपासणं. नवऱ्याला लकवा मारून अडीच वर्षं झाली. त्यांचं जेवणखाण, आंघोळ, कपडे, सगळं मीच करते. शेजारच्या बाया म्हणतात, “शालूताई, तुमच्यासारखी सेवा आजकाल कोण करते?” मी मान खाली घालते. त्यांना वाटते मी लाजले.

मी लाजत नाही. मला त्यांच्याकडे पाहवत नाही, एवढंच.

नवऱ्याचं नाव गुणवंत. मोटार वाइंडिंगचं काम करायचे. पांढुर्णा रोडला छोटंसं दुकान होतं. विहिरीची, बोअरची मोटार जळली की लोक त्यांच्याकडे घेऊन यायचे. जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वरून वार्निश लावून सुकवायची. भर उन्हाळ्यात ज्याची मोटार जळली तो शेतकरी तर दुकानासमोरून हलायचाच नाही — संत्र्याची झाडं तहानली की फळ गळते, मग काय उरते? “गुणवंतभाऊ, आजच द्या,” म्हणत बसून राहायचा. आणि हे द्यायचे. त्यांच्या हाताला वार्निशचा वास होता, तो साबणानंही जायचा नाही. बोटं जाड, पण केसासारखी तार त्यांच्या बोटांत कधी तुटली नाही.

माणूस वाईट नव्हता. हे मला आधीच सांगून टाकायचं आहे, कारण पुढचं ऐकून तुम्ही कदाचित माझ्या बाजूनं कारणं शोधाल. शोधू नका. दारू नाही, शिवी नाही, माझ्यावर कधी हात उचलला नाही. आशाचं काम घेतलं तेव्हा सासरची सगळी तोंडं वाकडी झाली होती, तर हेच एकटे म्हणाले होते, “करू द्या तिले.”

पण एक होतं. कसं सांगू? — मनात आलं की ते जवळ यायचे. विचारायची रीत आमच्यात नव्हती. नाही म्हणायची तर नव्हतीच. शेहेचाळिसाव्या वर्षी माझी गर्भाची पिशवी काढली आणि त्यानंतर मला दुखायला लागलं. आग व्हायची. मी दात आवळून पडून राहायची. त्यांना कळत नव्हतं, कारण मी कळू देत नव्हते. “मले दुखते,” एवढे दोनच शब्द बोलले असते तर ते थांबले असते — हे मला तेव्हाही माहीत होतं. मग काहून बोलले नाही? गावभरच्या बायांना त्यांच्या अंगाचं विचारणारी मी, माझ्या घरात माझी जीभ उचलली नाही.

त्यांचं बीपी माझ्याच मशीनवर निघालं. कामासाठी मिळालेलं मशीन घरी होतं. एका सकाळी ते म्हणाले डोकं जड आहे, म्हणून मी सहज पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या वर. मला वाटलं मशीन चुकलं, म्हणून पुन्हा बांधला. तेवढाच. त्याच दिवशी दवाखान्यात नेलं, गोळी सुरू झाली. रोज सकाळी चहाआधी मी गोळी हातावर ठेवायची, ते पाण्यासोबत गिळायचे. महिन्याभरात आकडा खाली आला. मला केवढा अभिमान वाटला — माझ्या यादीतला सगळ्यात शिस्तीचा पेशंट माझा नवरा होता.

दोन-तीन महिने गेले असतील. ते जवळ आले आणि काही झालं नाही. पुन्हा आले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ते मध्येच थांबले, पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून निजले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी काय केलं असेल? धीर दिला? पाठीवर हात ठेवला? नाही. मला झोप लागली. किती वर्षांनी इतकी गाढ झोप लागली होती.

मग ते यायचेच बंद झाले. आणि मी — खरं सांगते — मी फुलले. अंग हलकं वाटायला लागलं. बाया म्हणाल्या, “ताई, काय खाऊन राहिल्या, चेहरा उजळला?” इकडे ते मात्र आटत चालले होते. दुकानात गिऱ्हाइकावर ओरडायचे, घरी मुकाट्यानं जेवायचे. पोरगा प्रफुल नागपूरला नोकरीला आहे. तो आला तरी नीट बोलायचे नाहीत. दर शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जायला लागले, तेही पायात चप्पल न घालता. मला आतून हसू यायचं, बरं का. मनात म्हणायची, त्या ब्रह्मचारी देवापाशी हा माणूस काय मागत असेल? असं हसू यायचं मला. ते पण सांगून ठेवते.

त्याच दिवसांत आमचं एक प्रशिक्षण झालं. डॉक्टरीण मॅडम नवीन होत्या, वयानं माझ्या पोराएवढ्या, हिंदीत बोलायच्या. त्यांनी फळ्याकडे तोंड न करता सरळ आमच्याकडे पाहून सांगितलं, “बीपी की कुछ गोलियों से कुछ मर्दों को कमज़ोरी आ सकती है. वो शरम के मारे बताते नहीं और गोली छोड़ देते हैं. अचानक छोड़ना ख़तरनाक है. कभी गोली की वजह से होता है, कभी बीपी-शुगर की वजह से. आप लोग पूछिए, हमारे पास भेजिए. हम गोली बदलकर देख सकते हैं.” आम्ही बाया पदर तोंडाला लावून हसलो. मी पण हसले. पण वहीत लिहून घेतलं — ‘गोळी बदलता येते.’ खाली रेघ ओढली.

आणि विसरले असंही नाही. महिन्याभरानं आमच्या गल्लीतली एक बाई माझ्याजवळ कुजबुजत आली. नवरा चिडचिड करतो, पलंग वेगळा केला, आणि तीच बीपीची गोळी. मी तिला मॅडमचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. नवऱ्याला दवाखान्यात पाठवलं. गोळी बदलली. दोन महिन्यांनी ती बाई मला भाजीबाजारात भेटली, लाजून हसली आणि माझ्या पिशवीत जबरदस्तीनं मेथीची जुडी कोंबली. ती जुडी मी घरी आणली, निवडली, भाजी केली आणि ह्यांना वाढली.

आता कळलं ना, मला सगळं माहीत होतं? माहीत नव्हतं म्हणायला मी जागाच ठेवली नव्हती.

त्यांनी मला विचारलं. हीच तर गोष्ट आहे — त्यांनी विचारलं. रविवारची दुपार होती, दुकान बंद. मी अंगणात तुरीची डाळ पाखडत होते. ते दारातल्या खाटेवर बसले होते. बराच वेळ नखं खात होते. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले,

“तू तं दवाखान्यात जात राह्यतं. ह्या गोळीनं मानसाले काही होते का वं?”

मला लगेच समजलं. तरी मी सूप थांबवलं नाही. म्हटलं, “काय होते म्हंजे?”

ते त्यांच्या तोंडून मी वदवून घेतलं. कशासाठी? मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांची मान अजून खाली गेली.

“तेच… कमजोरी.”

पन्नाशी ओलांडलेला माणूस. उभ्या आयुष्यात त्यांनी माझ्यापाशी अशी कुठली गोष्ट काढली नव्हती. ही एक काढली, आणि मी म्हटलं, “गोळीनं काही नाही होत. वय झालं तुमचं आता. पोराच्या लग्नाचं पाहा लागते, अन् तुमी हे काय घेऊन बसले?”

वर थोडं हसले पण.

ते उठले, पायात चप्पल सरकवली आणि बाहेर गेले. संध्याकाळी आले तेव्हा त्यांच्या तोंडावर असं काही होतं की मी दिवा लावायच्या निमित्तानं आत गेले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. काहून नाही ठेवणार? घरात दवाखान्याचं कळणारी मीच होते.

पण माणूस असा गप्प बसतो का? पुढच्या बाजाराच्या दिवशी ते मोटारीचं सामान आणायला पांढुर्णाला गेले. तिथं बाजारात तंबू टाकून बसणारा एक वैद्य होता, जडीबुटीवाला. त्यानं सांगितलं, इंग्रजी दवा बंद करा, हे चूर्ण घ्या. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की ते एका सकाळी म्हणाले, “तू काहून रोज रोज हातावर देऊन राह्यली? गोळ्यांचा पत्ता दुकानात ठेवतो. मी घेत जाईन.”

मी पत्ता दिला. दुसऱ्या कुठल्या पेशंटनं असं म्हटलं असतं तर मी चार प्रश्न विचारले असते. लोकांच्या दारात बसून गोळ्यांचे पत्ते उघडून पाहणारी बाई मी. यांना एकही विचारला नाही. त्या दिवसांत मी साऱ्या वस्तीचं बीपी तपासलं, आणि घरातल्या माणसाच्या दंडाला पट्टा लावला नाही. त्यांनीही हात पुढे केला नाही.

मग एका दुपारी डबा घेऊन दुकानात गेले. ते समोरच्या टपरीवर कुणाशी बोलत होते. डबा ठेवायला जागा करावी म्हणून मी नट-बोल्टचा पत्र्याचा डबा सरकवला. झाकण निघालं. आत नट-बोल्टांमध्ये पांढऱ्या गोळ्या पडल्या होत्या. पत्त्यातून काढलेल्या, न घेतलेल्या. रिकामा पत्ता मला दिसावा म्हणून रोज एक एक काढून तिथं टाकत होते बिचारे. मागच्या फळीवर, तारेच्या रिळांच्या मागं, चूर्णाची बाटली.

मी काय करायला पाहिजे होतं हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. हाका मारायच्या, तिथंच बसवायचं, त्याच पावली दवाखान्यात न्यायचं. एवढंच कशाला — फक्त म्हणायचं होतं, ‘माझं चुकलं. गोळीनं होऊ शकते. दुसरी गोळी मिळते. चला.’

मी झाकण लावलं. डबा होता तिथं सरकवला. त्यांना टपरीवरून हाक मारली, “जेवून घ्या, थंडं होते.” आणि घरी आले.

का? — इथंच मी इतकी वर्षं अडते. कधी स्वतःला सांगते की घाबरले. कधी सांगते की चारचौघांत त्यांची लाज जाईल म्हणून गप्प राहिले. दोन्ही खोटं. मी त्या वाटेनं घरी येताना काय विचार करत होते ते मला शब्दन् शब्द आठवते. मी विचार करत होते की मॅडम गोळी बदलतील आणि मग ते पुन्हा जवळ यायला लागतील. एवढाच विचार होता. त्यांच्या डोक्यातली नस आणि माझी झोप, यातलं मी माझी झोप घेतली. आणि असंही वाटलं, की काही दिवसांनी चूर्णाचा कंटाळा येईल, आपोआप गोळी सुरू करतील. काही दिवसांत काय होते?

अकराव्या दिवशी झालं. लोधीखेड्याकडच्या एका संत्र्याच्या बगीच्यात बोअरची मोटार काढायला गेले होते. पाइप वर ओढता ओढता त्यांच्या हातून दोर सुटला. शेतमालकाला वाटलं दमले. मग ते काहीतरी बोलले, ते कुणाला समजलं नाही. तोंड एकीकडे ओढलं गेलं आणि ते तिथंच बसले. लोकांनी ‘छोटा हत्ती’ टेम्पोत घालून सौंसरला आणलं, तिथून नागपूर.

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, “बीपीची गोळी चालू होती का? मध्ये बंद केली होती का?” प्रफुल तिथं उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “मला माहीत नाही. ते त्यांचे तेच घेत होते.”

किती सहज निघालं तोंडातून.

दुकान आवरायला प्रफुलच गेला. त्याला तो पत्र्याचा डबा सापडला. चूर्णाची बाटली पण सापडली, वर काय लिहिलं होतं ते त्यानं वाचलं असेलच. माझ्याजवळ त्याबद्दल बोलला नाही, पण बापाच्या खाटेजवळ उभा राहून तो अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा बोलला —

“बाबा, गोळ्या काहून फेकल्या तुमी? घरात आई आशा आहे, तिले एकडाव विचारा तं लागते ना! भोंदू मानसाचं ऐकलं, आईचं नाही ऐकलं!”

त्यांना सगळं ऐकू येत होतं. बोलता येत नव्हतं. ते छताकडे पाहत होते, आणि ज्या डोळ्याची पापणी नीट मिटत नव्हती त्यातून पाणी कानात जात होतं. मी पदरानं पुसलं. प्रफुलला म्हटलं, “जाऊ दे, नको बोलू बापाले.” वॉर्डातल्या बायांना वाटलं असेल, केवढ्या मोठ्या मनाची बाई.

ते वाचले. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतात. दुकान दुसऱ्याला दिलं. नागपूरच्या डॉक्टरांनी बीपीची जुनी गोळी बदलून दुसरी दिली — असंच, चिठ्ठीवर नाव बदललं, झालं. जुन्या गोळीनंच त्यांना तसं होत होतं का, बदलून फरक पडला असता का, मला कुणी सांगू शकत नाही. मॅडमनंच म्हटलं होतं, कधी गोळीनं, कधी बीपीनं. पण ते विचारायला आले होते. माझं अंगण म्हणजे दवाखान्याचंच दार होतं, आणि त्या दारात मी बसले होते.

अजून एक सांगायचं राहिलं. मी पुन्हा कामावर जायला लागले. कुणी गोळी सोडली असं दिसलं की मी म्हणते, “आमच्या घरचं पाहा. गोळी सोडली अन् काय झालं.” लोक एकदम घाबरतात. लगेच पत्ता काढून गोळी घेतात. माझं काम आता पूर्वीपेक्षा चांगलं होते. बैठकीत माझं नाव घेतलं जाते. मी त्यांचं उदाहरण देते आणि माझा भाग गाळते. दर वेळी गाळते. परवाही गाळला.

यंदा त्यांची वाचा थोडी परत आली. एक-एक शब्द, मध्ये लांब थांबून. पाणी, चहा, नको, प्रफुल. मागच्या महिन्यात एका दुपारी मी त्यांना अंगणात उन्हाला बसवून उजव्या हाताला तेल चोळत होते. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. मला वाटलं दुखलं असेल. म्हटलं, “जोरात लागलं का?”

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. आणि बोलायला लागले. एका वाक्याला किती वेळ लागला सांगू?

“गोळी… मी… फेकली. तुले… खोटं… बोललो.”

मी म्हटलं, “राहू द्या ते आता.”

“नाही,” म्हणाले. मनगट सोडलं नाही. “तुले… वाईट वाटे… म्हनून. तू… तशीच… झोपे. तुयासाठी… केलं.”

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. ते इतकी वर्षं असं समजत होते की मी त्यांच्यावाचून झुरत होते. की मी रोज त्यांच्या शेजारी उपाशी निजत होते. जामसांवली, चूर्ण, नट-बोल्टात टाकलेल्या गोळ्या — हे सगळं त्यांनी माझ्या सुखासाठी केलं होतं. आणि एवढी जीभ वळायला लागल्यावर त्यांनी पहिली लांब गोष्ट काढली ती हीच.

“माफ… कर,” म्हणाले.

अंगणात दुसरं कुणी नव्हतं. दार लोटलेलं होतं. ते माझ्याकडे पाहत होते, आणि बोलायला मला एका शब्दाचीही अडचण नव्हती. माझी वाचा तर कुठं गेली नव्हती.

मी त्यांच्या हाताला तेल लावत राहिले आणि म्हटलं, “केलं माफ.”

त्यांनी डोळे मिटले. चेहरा असा सैल पडला, जसा कितीतरी दिवसांत पडला नव्हता. मग ते तिथंच उन्हात झोपी गेले, मान एका बाजूला टाकून. मी त्यांच्या डोक्यामागं उशी सरकवली, तेलाची वाटी उचलली आणि आत गेले.